कोणतं सिम घेऊ गं?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागासाठी "लेख दे" असं फर्मान आलं तेव्हा मला शुद्धलेखनाचं टेन्शन आलं नाही, आकड्यांचं आलं. विषय मोबाइलच्या प्लॅनचा, आणि मला अजूनही 'एकोणसत्तर' ऐकलं की डोळ्यांसमोर ७९ येतात. (हसू नका! मुरबाडला एका रिचार्जवाल्या काकांना मी याच कारणाने १० रुपये जास्त दिले होते. त्यांनी परत केले, वर "शिकतेस ना इंजिनिअरिंग?" असं विचारलंही.) म्हणून या लेखात आकडे सगळे अंकांतच.

तर झालं असं. माझं आजोळ शहापूर तालुक्यात, डोळखांबच्याही आत, आजोबाच्या डोंगराच्या बाजूला एक वाडी आहे, तिथे. ('आजोबा' हे डोंगराचं नाव. माझे आजोबा वेगळे.) वडिलांचं गाव मुरबाड तालुक्यात टोकावड्याजवळ. आम्ही राहतो कल्याणला. सुट्टी लागली की एक तर कसारा लोकल पकडून आसनगाव आणि पुढे शहापूरवरून एसटी, नाहीतर कल्याणहून सरळ माळशेजच्या रस्त्याची एसटी. लहानपणापासून हेच दोन रस्ते, त्यामुळे कुठे खड्डा आहे आणि कुठे नेटवर्क जातं, दोन्ही पाठ आहेत.

गेल्या वर्षी जूनमध्ये मामाचा फोन आला. "काय गं, तू ते मोबाइलचंच शिकतेस ना? पोरीला टॅब घ्यायचाय. कोणतं सिम घेऊ?"

माझी मामेबहीण तेव्हा अकरावी सायन्सला गेली होती. तिला सीईटी द्यायची आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्या दोन्ही घरांत माझ्यानंतर इंजिनिअरिंगचं नाव घेणारी ती पहिलीच. क्लास लावायचा तर कल्याण किंवा नाशिक, म्हणजे राहायचा खर्च. म्हणून टॅब आणि ऑनलाइन लेक्चर. मामाने भाताच्या पैशातून १४ हजार बाजूला काढले होते.

आणि मी काय केलं? थर्ड इयर ईएक्सटीसीची हुशार विद्यार्थिनी मी! घरात चार माणसांची चार कंपन्यांची सिमं. गॅलरीत उभी राहिले, चारही फोनवर स्पीड टेस्ट मारली, ज्याने ५जीवर २०० एमबीपीएस दाखवले त्याचं नाव मामाला सांगितलं. वर फंडासुद्धा मारला, "मामा, रोज २ जीबीवाला प्लॅन घे, तिला पुरेल." कल्याणमध्येच सिम घेतलं, टॅबमध्ये टाकलं, रिचार्ज मारला, पाठवून दिलं.

पहिले दोन दिवस नेट लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीनेच शोधून काढलं की वर कोपऱ्यात इंग्रजी 'आर' दिसतोय आणि सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद आहे. रोमिंग? ठाणे जिल्ह्यातल्या ठाणे जिल्ह्यात? हो! ते का, ते पुढे सांगते. रोमिंग चालू केलं, नेट आलं, स्पीड ०.४ एमबीपीएस. तोसुद्धा ओट्यावर. घरात शून्य. आता बारावीच्या तोंडावर असलेली मुलगी रोज संध्याकाळी टॅब पिशवीत घालून देवळामागच्या टेकाडावर जायची. पावसाळ्यात. तिची आई सोबत जायची, कारण अंधारात एकटीला कोण सोडणार? म्हणजे एका लेक्चरला दोन माणसं, एक बॅटरी आणि एक छत्री. तिने मला एकदाही बोलून दाखवलं नाही. "ताई, टॅब मस्त आहे," एवढंच म्हणायची. ते जास्त लागलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत मी चारही कंपन्यांची सिमं आणि एक सेफ्टी पिन घेऊन गेले. (सिमचा ट्रे उघडायची ती खास पिन हरवणे हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे.) कंपन्यांची नावं इथे देत नाही. अ, ब, क, ड म्हणू या. घाबरते म्हणून नाही. माझ्या आजोळचा निकाल तुमच्या गावाला लावलात तर तुम्हीही माझ्यासारखेच फसाल, म्हणून.

कल्याणच्या गॅलरीत 'अ' पहिला होता आणि 'ड' शेवटचा, इतका शेवटचा की आम्ही त्याला घरात चिडवायचो. मामाच्या ओट्यावर 'अ'चा सिग्नल उणे ११८ डीबीएम. (उणे ८५-९० म्हणजे छान, उणे ११५ च्या खाली गेलं की देवाचं नाव घ्यायचं.) 'ब' आणि 'क' फक्त टेकाडावर. आणि 'ड'? ओट्यावर ३ एमबीपीएस, माजघरात दीड! मला खरंच वाटेना, तीनदा सिम काढून घातलं. आजी म्हणाली, "अगं, मोडेल ते." दोन दिवसांनी सरळगावमार्गे टोकावड्याला गेले तर तिथे 'ड' मेलेला आणि 'ब' एकदम फुल. म्हणजे शहापूरचा हिरो मुरबाडला झिरो. दोन तालुके एकमेकांना लागून, आणि निकाल उलटा.

याचं कारण आपण थर्ड सेमला वाचतो आणि फोर्थ सेमला विसरतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून झिरपतात. २३०० किंवा ३५०० वाल्या भरपूर डेटा वाहतात, पण जवळच दमतात. फ्री स्पेसच्या सूत्रात ९०० च्या जागी २३०० घालून बघा, नुसत्या फ्रीक्वेन्सीमुळे ८ डेसिबल जास्त तोटा. म्हणजे तेवढ्याच अंतरावर साडेसहा पट कमी शक्ती. त्यात मध्ये डोंगराची सोंड आली की सूत्रसुद्धा हात जोडतं. सिद्धगड, गोरखगड, आजोबा ट्रेकला कितीही भारी वाटोत, टॉवरच्या दृष्टीने त्या भिंती आहेत. वाडी भिंतीच्या कोणत्या बाजूला आणि सगळ्यात जवळच्या टॉवरवर कोणत्या कंपनीने कोणता बँड लावलाय, यावर सगळं ठरतं. कल्याणचं ५जी तिथे कामाचं नाही.

टॅब घेतानाही हाच घोळ. आपण रॅम बघतो, स्क्रीन बघतो, कॅमेरा बघतो (टॅबच्या कॅमेऱ्याने फोटो काढणारे काका प्रत्येक लग्नात असतातच). बँड कोण बघतं? उदाहरणार्थ, बीएसएनएलचं स्वदेशी बनावटीचं ४जी, ज्याचं देशभरचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं, ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड २८ आणि बँड १. तुमच्या टॅबमध्ये बँड २८ नसेल तर गावात त्याचा टॉवर नाकासमोर असूनही लांब जाणारी ती लहर टॅबला दिसणारच नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, नाहीतर कंपनीच्या साइटवर सापडतं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नव्हतं. नशिबाने मामाच्या टॅबमध्ये होता.

आता त्या 'आर'ची गोष्ट. देशाचे टेलिकॉमसाठी २२ तुकडे केलेत, त्यांना सर्कल म्हणतात. ठाणे, कल्याण, नवी मुंबई हे 'मुंबई' सर्कलमध्ये. शहापूर आणि मुरबाड जिल्ह्याने ठाणे, लोकसभेला मतदान करतात भिवंडीला, पण मोबाइलच्या हिशेबात ते 'महाराष्ट्र' सर्कल, म्हणजे गडचिरोली आणि गोव्याच्या पंगतीत! म्हणून कल्याणचं सिम तिथे पाहुणं. रोमिंगचे पैसे आता लागत नाहीत, पण काही फोन-टॅबना ते बटण दाबावं लागतं. खरी गंमत पुढे आहे. स्पेक्ट्रमचा लिलाव होतो तो सर्कलप्रमाणे. सरासरी स्पीडचे आकडे येतात तेही सर्कलप्रमाणे. व्होडाफोन-आयडियाने मार्च २०२५ मध्ये ५जी सुरू केलं ते मुंबईत. म्हणजे 'महाराष्ट्रात अमुक कंपनी नंबर वन' या जाहिरातीत पुणे, नागपूर, नाशिक यांच्या बेरजेत आमची वाडी भागून टाकलेली असते. आणि 'मुंबईत नंबर वन'मध्ये ती मोजलेलीच नसते. मुंबईला पाणी मात्र इथलंच लागतं, तानसा आणि भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. नळाला सर्कल नसतं!

नकाशे आहेत की, असं कोणी म्हणेल. आहेत. ट्रायच्या नव्या नियमांमुळे २०२५ पासून कंपन्यांना आपापल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात, आणि ही चांगली गोष्ट आहे, मी रोज उघडते. पण एका नकाशात मामाचं घर छान रंगवलेलं आहे, आणि त्या कंपनीचं सिम त्या घरात मुकं आहे. नकाशाला माजघर कळत नाही, कौल कळत नाही, आणि वीज गेलेली तर मुळीच कळत नाही. ऑगस्टच्या पावसात दोन दिवस लाइट नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकल्या आणि मग सगळं ठप्प. पुष्कळदा एकाच टॉवरवर सगळ्यांचे अँटेना टांगलेले असतात. त्या दोन दिवसांत अ, ब, क, ड अगदी समान होते. समाजवाद आला होता डोळखांबला.

पण माझं खरं भांडण प्लॅनशी आहे. हिशेब मांडते, नीट वाचा.

रोज २ जीबी, २८ दिवस. म्हणजे ५६ जीबीचे पैसे आपण आधीच मोजले. बहिणीच्या टॅबवर सुरुवातीला स्पीड होता ०.४ एमबीपीएस. या स्पीडने २ जीबी संपवायला ४०,००० सेकंद लागतात. म्हणजे ११ तास! ती टेकाडावर बसणार जास्तीत जास्त ३ तास. तेवढ्यात येतात अर्धा जीबी आणि चिमूटभर. उरलेला दीड जीबी रात्री १२ ला गेला. सिंड्रेलाच्या बग्गीसारखा. (कॉन्व्हेंट!) २८ दिवसांचा हिशेब केला तर ५६ जीबीचे पैसे देऊन तिच्या हाती आले साधारण १५ जीबी. उरलेले ४१ तिने वापरले नाहीत असं कंपनी म्हणेल. टॉवरने दिलेच नाहीत असं मी म्हणते. तिच्या घरी दिवसाला २ जीबी 'येऊ शकत' नसतील तर ते विकताच कसे येतात? वाण्याकडे ५६ किलो तांदळाचे पैसे भरले आणि त्याने २८ दिवसांत १५ किलोच मोजून दिले, वर "तुम्ही पिशवी लहान आणलीत" म्हणाला, तर आपण काय करू?

आणि भाव तोच. कल्याणला २०० एमबीपीएसवाल्याला आणि वाडीत ०.४ वाल्याला एकच प्लॅन, एकच किंमत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा दोघांनाही सारखेच वाढले. त्याच वेळी अमर्यादित ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनवर ठेवायला सुरुवात झाली. ज्याच्याकडे ५जी आहे त्याला रोजची मर्यादा जाचत नाही, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा उरलेला डेटा मध्यरात्री मरतो. उलट असायला हवं होतं की नाही? २८ दिवसांच्या महिन्याबद्दल तर बोलतच नाही. वर्षाला १३ रिचार्ज, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

टॅबवाल्यांची आणखी एक पंचाईत. टॅबवरून कोण फोन करतं? (ते लग्नातले काका सोडून.) तरी बहुतेक प्लॅनमध्ये कॉलिंगचे पैसे आहेतच, आणि नुसतं डेटाचं व्हाउचर घ्यावं तर ते बहुतेक वेळा चालू प्लॅनच्या डोक्यावर बसतं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवा, आणि ते ३६५ दिवसांपर्यंतचं असू द्या. एकदम बरोबर! माझ्या आजीला तेच हवं. मग आजीच्या नातीला हवं ते उलटं व्हाउचर का नाही? फक्त डेटा, रोजची मर्यादा नाही, ५० जीबी घ्या आणि ३ महिन्यांत कधीही वापरा. ज्या दिवशी नेट असेल त्या दिवशी ५ जीबी ओढून घेईल, नसेल त्या दिवशी शून्य. उरलेला डेटा पुढे ढकलणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे असं मला कोणी सांगू नये. व्होडाफोन-आयडियाने २०२० मध्ये आठवड्यातला उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देणारी योजना काढलीच होती. म्हणजे बिलिंगच्या कॉम्प्युटरला जमतं.

कोणी म्हणेल, एका मुलीच्या लेक्चरसाठी एवढं काय? एका मुलीचं नाहीये ते. मुरबाड तालुक्यातलं धसई आठवतंय? १ डिसेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर महिन्याभरातच, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते, दुकानादुकानांत स्वाइप मशिनं बसली, अगदी वडापाववाल्याकडेही कार्ड चालणार अशा बातम्या होत्या. ते यंत्रही नेटवर्कवरच चालतं. रेशनच्या दुकानातलं अंगठा लावायचं यंत्र, तेही. २०२३ पासून रोजगार हमीवरच्या मजुरांची हजेरी मोबाइलच्या ॲपवर घेतात, तेही. 'महाज्योती'तर्फे ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीसाठी टॅब आणि रोज ६ जीबी डेटा मिळतो. ही योजना मला मनापासून आवडते. माझं एवढंच म्हणणं की टॅब कुणालाही द्या, सिम त्याच्या ओट्यावर मोजून द्या. नाहीतर ६ जीबी आणि २ जीबी सारखेच.

सरकार काहीच करत नाही असंही नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी मंजूर केले. पण त्यात 'गाव' मोजलं जातं. आमच्याकडे गाव म्हणजे पाच-सहा पाडे, दोन डोंगरांत पसरलेले. ग्रामपंचायतीच्या दारात चार कांड्या आल्या की गाव 'कव्हर्ड'. ठाकरवाडी, कातकरीवाडी त्या कांड्यांच्या पलीकडे. २०२३ मध्ये सरकारनेच ब्रॉडबँडची व्याख्या किमान २ एमबीपीएस अशी केली. मग कव्हर्ड म्हणण्याआधी पाड्यावर जाऊन तेवढे २ मोजा की! एका तासाचं ४८० पी चं लेक्चर १ एमबीपीएसवर साधारण ४५० एमबीत होतं. आम्ही २०० मागतच नाही. २ द्या, पण घरात.

बहिणीचं काय झालं? दिवाळीतच 'ड'चं सिम शहापूरला घेतलं, महाराष्ट्र सर्कलचं, त्यामुळे 'आर' गेला. आता ती ओट्यावर बसून लेक्चर बघते आणि जे मोठं असेल ते कॉलेजला जाते तेव्हा शहापूरच्या एसटी स्टँडवर डाउनलोड करून आणते. मॉक टेस्ट मात्र अजून माजघरात एकदोनदा मध्येच तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते. खऱ्या परीक्षेला सेंटरवर बसायचं आहे म्हणून वाचलो, पण कॅप राउंडचे ऑप्शन फॉर्म घरूनच भरायचेत. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडू नये म्हणून मी आत्तापासून प्रार्थना करतेय. त्या आठवड्यात तिला कल्याणलाच आणून ठेवायचं असं आईने जाहीर केलंय.

आता तुमच्याकडे काम. आपल्या कॉलेजात खर्डी, वाशिंद, किन्हवली, म्हसा, सरळगाव, वैशाखरे या बाजूची निदान वीसेक मुलं-मुली आहेत, मला कॅन्टीनमध्ये भेटतात. या सुट्टीत घरी गेलात की तीन जागी मोजा, ओटा, माजघर आणि शाळेचं आवार. ट्रायचं मायस्पीड ॲप फुकट आहे. कंपनी, वेळ, डीबीएम आणि एमबीपीएस एका कागदावर लिहा, शेजाऱ्याचं सिम मिळालं तर तेही घालून बघा. एकाच दिवशी नको, लाइट असताना एकदा आणि गेल्यावर एकदा. कागद मला आणून द्या, थर्ड इयर ईएक्सटीसी, शेवटून दुसरा बाक. पाड्यागणिक तक्ता करून डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर लावायचं सरांशी बोलून ठेवलंय. एक प्रत शहापूरच्या तहसीलला आणि एक मुरबाडच्या. तक्त्यात कंपन्यांची नावं असतील, अ-ब-क-ड नाही.

आणि हो, आकडे अंकात लिहा. प्लीज.